देवमनबाबांचा आवाज

मित्रांनो, परतवाड्याच्या एका फोटो स्टुडिओत, पासपोर्ट फोटोंच्या कात्रणांखाली एक चपटी लोखंडी डबी पडली आहे. तीच मी, एक जुनी हार्ड डिस्क. एके काळी भावनाताईंचा सगळा स्टुडिओ माझ्या पोटात होता. लग्नं, बारशी, आधार कार्डासाठी श्वास रोखून बसलेले लोक, सगळं मी सांभाळलं.

माझ्या आत एक गुळगुळीत तबकडी गरगर फिरते. तिच्यावरून एक बारीक सुई, तिला न टेकता, धावते. कॉम्प्युटर रीतसर बंद केला की सुई आपल्या जागी जाऊन बसते. वीज अचानक गेली की तिचा घात होऊ शकतो. म्हणून ताईंनी यूपीएस आणला होता. लाइट गेली की तो आपल्या बॅटरीवर थोडा वेळ कॉम्प्युटर चालू ठेवत टूं टूं करायचा, आणि ताई काम आटोपून मला निवांत झोपवायच्या.

ताईंचे वडील देवमनबाबा भीमजयंतीला गायचे. गाणी त्यांची, चालीही त्यांच्याच. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्याला गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं.

"रडू नको, पोरी," बाबा म्हणाले. "मी गाऊन घेतो, तू भरून ठेव. जयंतीले माहा आवाज वाजला पायजे."

स्टुडिओचं दार लावून बाबा खोकत, थांबत, पाणी पीत गायले. मी ओळन् ओळ जपली. इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

ऑपरेशन झालं. एप्रिल लागला आणि ऊन तापलं. बाबा दुपारभर स्टुडिओत कुलरसमोर मुकाट बसायचे. लाइट सारखी जायची, कुलर थांबायचा आणि गळ्याच्या पट्टीखाली घाम झोंबायचा. ताईंना ते बघवेना.

"बाबा, कुलर यूपीएसवर टाकते. लाइट गेली तरी वारा येत राहीन."

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात कुलरचा मान पहिला. पण यूपीएस बिचारा कॉम्प्युटरपुरताच होता. ताई जयंतीसाठी गाण्यांमधली खोकल्याची उबळ काढत बसल्या असताना लाइट गेली. यूपीएस एकदाच ओरडला आणि आम्ही सगळे धाडकन बंद पडलो. लगेच वीज आली, तबकडीने वेग घेतला, तोच पुन्हा गेली. सुई तबकडीवर घासली. त्यानंतर मी नुसती टक टक करू लागले.

ताईंनी मला रुमालात गुंडाळून अकोल्याला नेलं. तिथल्या दुरुस्तीवाल्या स्वप्निलने मला उघडून भिंगातून पाहिलं.

"तबकडीलेच ओरखडे पडले, ताई. काही निघत नाही आता. यूपीएसवर कुलर काहून लावला?"

"बाबाले गरमी होऊन राहिली होती."

"दुसरी कॉपी?"

"उद्या काढू म्हनलं होतं."

त्याने मला पुन्हा रुमालात गुंडाळून ताईंच्या हाती दिलं. जयंतीला मंचावरून दुसऱ्यांची गाणी वाजली. दुसऱ्या दिवशी बाबा स्टुडिओत आले, कुलरची पिन यूपीएसमधून उपटली आणि भिंतीच्या बोर्डात घातली. ताई नको नको म्हणत राहिल्या.

मित्रांनो, जे गेल्यावर परत मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत आजच काढा. आणि यूपीएसला त्याचं एकच काम करू द्या. माझ्यासाठी आता काही मागायचं उरलेलं नाही.

अजूनही लाइट जाते. कुलर थांबतो. बाबा घामाने भिजत ताईंना हाताने खुणावतात, आधी कॉम्प्युटर नीट बंद कर. ताई करतात. त्यात आता नवी डिस्क आहे. तिच्यात बाबांचा आवाज नाही.