आवडेल तेथे, चार दिवस

माझा राग नाकावर असतो, हे वाळवा तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. फौजेत तो देशाच्या कामी आला असेल-नसेल, घरात मात्र त्याचा उपयोग शून्य. माझी बायको अंजना पंचवीस वर्षं इस्लामपूर डेपोत एस.टी.ची कंडक्टर होती आणि त्या रागापायीच त्यातली तेवीस वर्षं मी तिच्या गाडीत पाऊल ठेवलं नाही.

झालं ते असं. तिला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. बाई कंडक्टर म्हणजे तेव्हा नवलच, लोक वळून बघायचे. मी सुट्टीवर आलो होतो, वर्दीत, ट्रंक घेऊन इस्लामपूर स्टँडवर उभा, आणि आमच्या गावाच्या गाडीवर नेमकी तिचीच ड्युटी. पुढच्या सीटवर ऐटीत बसलो. ती तिकिटांचा ट्रे घेऊन आली, पंच वाजवला आणि म्हणाली, "बोला, कुठलं?"

"घरचाच माणूस हाय की गं."

"घरचं घरी. हितं तिकीट घ्या."

तिनं तिकीट फाडलं, पंच केलं, पुढं धरलं. मागून कुणीतरी ओरडलं, "फौजी, सापडलास की रं गड्या!" अख्खी गाडी हसली. मी ते तिकीट घेतलंच नाही. पेठ नाक्यावर उतरलो आणि ट्रंक खांद्यावर टाकून गावापर्यंत चालत गेलो. संध्याकाळी घरात जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर कुठं जायचं झालं तर आधी तिची ड्युटी बघायचो आणि दुसरी गाडी धरायचो. पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं तर "मंडळी नोकरीला हाईत" एवढंच सांगायचो. कसली नोकरी, ते कधी सांगितलं नाही.

तिनं एकदाच बोलून दाखवलं. "सगळा तालुका माझ्या गाडीत बसला. तुमी एकदा बसला असता तर बरं वाटलं असतं." मी पेपर वाचत होतो, वाचतच राहिलो. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली आणि बसायला तिची गाडीच उरली नाही.

यंदा जूनमध्ये आम्ही मुलाकडं गेलो. ऋषिराज स्वित्झर्लंडात थून नावाच्या गावी असतो, तळ्याच्या काठाला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं फोनवर रेल्वेचे दर दाखवले. लुसर्नला दोघांनी जाऊन यायचं तर तेवढ्यात आमच्याकडं एक शेळी येते. मी जाहीर करून टाकलं, "कुठं जायचं न्हाई. गॅलरीत बसून डोंगर बघू. हितलेबी डोंगरच हाईत."

अंजनानं निराळंच विचारलं. "ऋषी, हितं 'आवडेल तेथे प्रवास' न्हाई का रं?"

एस.टी.त तो पास असतो, चार किंवा सात दिवसांचा. एकदा काढला की हवं तिथं बसा, हवं तिथं उतरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत असले पास तपासण्यात तिची उमर गेली.

ऋषिराज हसला. "आई, आठ वर्षं राहतोय मी हितं. असलं काय असतं तर मला कळलं नसतं व्हय?"

"न्हाई तर न्हाई म्हणतील. इचारायला काय जातंय? चल खिडकीवर."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. पास होता. पण तो बाहेरदेशाहून फिरायला आलेल्यांनाच मिळतो, तिथं राहणाऱ्यांना नाही. म्हणून आठ वर्षांत तो पोराच्या कानावर आला नव्हता. आम्हाला सोयीचा होता तो चार दिवसांचा, आणि ते चार दिवस महिनाभरात आपल्याला पाहिजे तेव्हा वापरायचे. रेल्वे त्यात, बस त्यात, तळ्यातली बोटसुद्धा त्यात. मी एकटा असतो तर एवढ्यावरच खूश होऊन पैसे देऊन मोकळा झालो असतो. अंजना म्हणाली, "चालतो कुठं ते कळलं. चालत न्हाई कुठं, ते इचार."

साधा पास घेऊन निमआराम गाडीत चढणारे आणि वर तिच्याशीच भांडणारे तिनं जन्मभर पाहिले होते. खिडकीतल्या पोरीनं हातातलं काम थांबवलं आणि एक नकाशा काढून दिला. अखंड रेघ असेल तिथं पास चालतो. तुटक रेघ असेल तिथं वरचं भाडं आपण भरायचं. "हे आधी कुणी इचारत न्हाई, भांडाण झाल्यावर इचारतात, असं म्हणती ती," ऋषिराजनं सांगितलं. खोटं कशाला बोलू, माझी छाती इंचभर फुगली. पण मी नकाशाच उलगडत बसलो.

दोघांचे पास काढून घरी आल्यावर तिनं शेड्यूल लावलं. लांबची गावं पासाच्या दिवशी, पहाटेची पहिली गाडी धरून. जवळचं सगळं मधल्या दिवशी, पायी. गाडी कुठं बदलायची, चुकली तर पुढची कितीची, सगळं पाठ. तुटक रेघ जिथं सुरू होते तिथं उतरायचं आणि जेवणाचा डबा सोडायचा. "बर्फ हितनंबी दिसतंय की. अंगावर घ्यायलाच पायजे असं हाय का?" सकाळी कामाला जायच्या आधी ऋषिराज तिच्या फोनवर दोघांचा त्या दिवसाचा पास चालू करून द्यायचा. चालू न केलेल्या दिवशी पास असला तरी माणूस फुकट्याच, हे तिनं मला तीनदा बजावलं.

असे आम्ही दोघंच फिरलो. माझं इंग्रजी फौजेतलं, तिचं तेवढंही नाही. पण एकदाही गाडी चुकली नाही, एकदाही उलट्या गाडीत बसलो नाही. लुसर्नला बोटीच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही धपाटी खाल्ली. गाडी सुटायची वेळ झाली की तिचा हात आपोआप वर जायचा, घंटीची दोरी शोधायला. पासाचे तीन दिवस झाल्यावर ऋषिराजनं सांगितलं, सुटी तिकिटं काढली असती तर पासापेक्षा बरेच जास्त गेले असते. मला तिला शाबास म्हणायचं होतं. पण इतकी वर्षं न बोललेलं माणसाला एकदम बोलता येत नाही.

चौथा दिवस शनिवारसाठी राखला होता, ऋषिराजबरोबर जायला. शुक्रवारी आम्ही तळ्याच्या काठाकाठानं पायी निघालो आणि परतताना माझा गुडघा आखडला. समोर छोटं स्टेशन होतं आणि तिथून दोन स्टेशनं ओलांडली की घर.

"चल, गाडीनं जाऊ. पास हाय."

"आजचा दिस चालू केलेला न्हाई."

"दोन तर स्टेशनं. कोण बघतंय हितं?"

"मी बघती न्हवं?"

एवढं बोलून ती तिकिटाच्या मशीनकडं गेली. ऋषिराजनं शिकवल्याप्रमाणं बटणं दाबली, नाणी टाकली, दोन तिकिटं काढली आणि त्यातलं एक माझ्यापुढं धरलं. "घ्या."

गुडघा ठणकत होता. बाकावरची दोन माणसं आमच्याकडं बघत होती. राग नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तेवढ्यात मला तिचा हात दिसला. त्या दिवशी एस.टी.त मी तिकीट घेतलं नाही तेव्हाही तो असाच पुढं राहिला असेल, तिकिटासकट, हसणाऱ्या माणसांमध्ये. हे मला चोवीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी तिकीट घेतलं.

गाडीत बसलो तोच तपासनीस आला. पांढऱ्या मिशांचा, माझ्याच वयाचा. मी तिकीट असं काही पुढं केलं की जणू परेडवर ओळखपत्र दाखवतोय. त्यानं बघितलं, मान डोलावली, पुढं निघाला. मी त्याला थांबवलं.

"सर! माय वाईफ. कंडक्टर. बस कंडक्टर. ट्वेंटी फाइव्ह इयर्स!"

आवाज जरा मोठाच लागला. अख्ख्या डब्यानं माना वळवल्या. तो माणूस मागं फिरला, अंजनापुढं उभा राहिला, टोपी काढली आणि हात पुढं करून म्हणाला, "कोलेगिन!" त्याचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही: आपल्याच खात्यातली बाई. अंजना उभी राहिली. गाडी वळणावर होती, तरी कशाला न धरता उभी राहिली, कंडक्टर राहतात तशी. तिनं पदर सारखा केला आणि हात मिळवला. मला तिचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

तो गेल्यावर ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "त्या दिशी तुमी तिकीट घेतलं न्हाई. फाडल्यालं तिकीट परत जोडता येत न्हाई. साडेसहा रुपये माझ्या पदरचे भरले मी."

मी खिसा चाचपला. पाच फ्रँकचं एकच जाडजूड नाणं निघालं. ते तिच्या तळव्यावर ठेवलं. "एक फुल द्या, बाई. इस्लामपूरपास्नं घरापर्यंत."

तिनं नाणं उलटंसुलटं करून बघितलं. 

"सुट्टे न्हाईत?"

"न्हाईत."

तिनं माझ्या हातातलं तिकीट घेतलं, पिशवीतून पेन काढलं, तिकिटाच्या पाठीवर उरलेले पैसे लिहून भोवती गोल केला आणि ते परत दिलं. "उतरताना मागून घ्या. इसरला तर आमची जबाबदारी न्हाई."

थून आलं. मी तिच्या मागोमाग उतरलो, आणि पैसे मागितले नाहीत. ते तिकीट माझ्या पाकिटात आहे. आता मंडळींचं कुणी विचारलं तर काढून दाखवतो आणि सांगतो, हे माझ्या बायकोनं फाडलेलं. ती कंडक्टर होती, इस्लामपूर डेपोला.