मी मुका राहिलो ते चार दिवस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कोपरला देवळामागच्या अभ्यासिकेत, खिडकीपाशी माझी जागा. माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

आधी नऊ वर्षे मी ठाण्याच्या एका कचेरीत होतो. पत्रे लिहिली, तक्ते आखले. साहेब म्हणायचे, "याच्यासारखा दुसरा नाही." मग नवी यंत्रे आली आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. तिथून रतनताईंनी मला मागून आणले. अभ्यासिका त्याच सांभाळतात. आणल्याबरोबर त्यांनी मला पुसले, हळदकुंकू वाहिले. इतका मान मला कुणी दिला नव्हता.

माझ्यातली जुनी प्रणाली काही चालेना. म्हणून संचिता नावाची कॉलेजातली मुलगी लिनक्स ही दुसरी प्रणाली घालायला आली. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रालाही पेलते. मात्र सोबत कोणते प्रोग्रॅम घ्यायचे ते आधी निवडावे लागते. माझ्या पोटात जागा थोडी. मी पडद्यावर यादी मांडली, प्रत्येक नावापुढे टिक.

चातुर्मास चालू होता. दर चातुर्मासात रतनताई काहीतरी सोडतात. त्या वर्षी त्यांनी गोड सोडले होते.

"मावशी, गेम्स ठेवू?" संचिताने रतनताईंना विचारले.

"काढ."

"गाण्यांचं?"

"काढ गं! अभ्यासिका आहे, वरात नाही."

"आणि हा पडद्यावरचं वाचून दाखवतो. ज्यांना दिसत नाही ना, त्यांच्यासाठी."

"आपल्याकडे कोण येतंय तसं? काढ. सोडलं की हलकं वाटतं बघ."

इथेच माझे चुकले. त्या प्रोग्रॅमची पानभर माहिती माझ्यापाशी होती. मी दाखवली इंग्रजीतली एक ओळ. 'हे काढलेत तर काही माणसांशी मला बोलताच येणार नाही', एवढे तरी मी पडद्यावर आणायला हवे होते. मी गुमान टिक पुसू दिली. वर जागा उरली म्हणून खूशही झालो.

महिन्याभराने, एका सोमवारी, दिव्याहून कृतिका आली. तिला अजिबात दिसत नाही. रविवारी ठाण्याला तिची टायपिंगची परीक्षा होती; पास झाली तर नोकरी पक्की. तिचा क्लास मध्येच बंद पडला होता आणि घरी संगणक नव्हता. तिने कीबोर्ड चाचपला, आवाज सुरू करायच्या तीन कळा एकदम दाबल्या. मी गप्प.

"ताई, चालू आहे ना हा?"

"चालू आहे की. पडदा उजळलाय, बघ ना."

"मी कुठून बघू?" कृतिका हसली. "याला बोलता येत नाही? मुका आणलात की हो!"

रतनताईंचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच संचिताला फोन लावला, पण ती कणकवलीला मामाकडे गेली होती. कृतिका आल्या पावली परत गेली. संचिता उगवली गुरुवारी संध्याकाळी. मोबाइलचे नेट जोडून तिने तो प्रोग्रॅम घातला. दहा मिनिटांचे काम! शुक्रवार आणि शनिवार, दोनच दिवस कृतिकाच्या हाती उरले.

मिनिटाला तीस शब्द हवे होते. तिचे सत्तावीस झाले.

ते सांगायला ती आली, तेव्हा रतनताईंनी तिला खुर्ची पुढे केली. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या ताटातलं मी सोडलं असतं तर तो माझा नेम. मी तुझ्या ताटातलं काढलं गं, बाळा. मला माफ कर."

"माफीचं नंतर बघू," कृतिका म्हणाली. "पुढची परीक्षा मार्चला आहे. आधी मजकूर सांगा."

तेव्हापासून रतनताई रोज पूजा आटोपून तासभर मजकूर सांगतात, ती टाइप करते आणि मी माझ्या कोरड्या आवाजात एकेक शब्द म्हणून दाखवतो. माफीचा विषय तिने अजून काढलेला नाही. मीही कोणत्या तोंडाने मागू?

मित्रांनो, जागा कमी असली की काहीतरी काढावे लागतेच. पण टिक पुसण्याआधी क्षणभर थांबा. ज्याला ती गोष्ट लागेल तो कदाचित आज खोलीत नसेल. त्याला शोधून विचारा. आम्ही यंत्रे फक्त 'पुढे जायचे का?' एवढेच विचारतो.