उंदराने कुरतडलेली कड

आमच्या विभागाला कारखान्यात सगळे म्हातारखाना म्हणतात. पलीकडे करकरीत नव्या गिटारी तयार होतात आणि आमच्याकडे येऊन म्हाताऱ्या होऊन जातात. मी ब्लेडने पॉलिशला बारीक तडे पाडते, मानेमागचं लाकूड घासून घासून उघडं करते, खुंट्यांची चकाकी घालवते. स्वतःच्या गाडीला ओरखडा पडला तर ज्यांना जेवण जात नाही, ते लोक इथे ओरखड्यांसाठी जास्त पैसे मोजतात. मोजू देत बापडे. माझं घर त्यावर चालतं.

मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. आता कानात मशीन आहे, तेव्हा नव्हतं. तेव्हा बाबा संध्याकाळी गिटार घेऊन बसले, की मी समोर गुडघ्यांवर बसायचे आणि गिटारच्या वरच्या कडेला दात टेकवायचे. दातांतून सूर थेट डोक्यात शिरायचा. "अगं, खाशील तिला!" बाबा म्हणायचे. पण थांबायचे नाहीत, उलट कड माझ्याकडे जराशी कलती करायचे. मी बाबांना ऐकलं ते एवढंच.

मी सहावीत असताना ती गिटार चोरीला गेली. भर दुपारी. घरात मी एकटी, पाठमोरी, पुस्तकात डोकं घालून बसलेली. दादा कॉलेजातून आला तर मागचं दार सताड उघडं आणि गिटार पेटीसकट गायब. "चोर घरात शिरला नि या बयेला पत्ता नाही!" दादा ओरडला. झालं, खापर माझ्यावर फुटलं ते कायमचं. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण पुन्हा कधी गिटारला हातही लावला नाही. पाहुणे आले की दादा तो किस्सा रंगवून सांगायचा. मी पुस्तक वाचतेय आणि मागून चोर चवड्यांवर चाललाय, अशी नक्कल करायचा. सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचे. काय करणार?

मागच्या महिन्यात मुकादमांनी माझ्या बाकावर एक पेटी आणून ठेवली. एका म्हाताऱ्या गायकाची गिटार होती. कंपनी तिची हुबेहूब नवी आवृत्ती काढणार होती.

खरं सांगते, मला गिटारींची फारशी माया नाही. रोज त्यांना ओरबाडणाऱ्या बाईला कसली माया? पण हिचा मोह पडला. लहानशी, उतरत्या खांद्यांची, बारीक कमरेची. वरची फळी मधोमध मधाच्या रंगाची, कडांकडे काळपट होत गेलेली. मान जाडजूड, पण हातात घेतली की मूठ आपोआप बसते. आतल्या आधाराच्या पट्ट्या इतक्या नाजूक, की तारेला नुसतं बोट लागलं तरी सगळं अंग बोलतं. मांडीवर घेतली तर लेकरासारखी बसली. बाबांची अश्शीच होती, माझ्या मनात आलं.

"आणि हे बघा," मुकादमांनी वरच्या कडेवर बोट ठेवलं. "उंदराने कुरतडलंय. प्रत्येक गिटारीवर हवं हे. गिऱ्हाइकांना असलं फार आवडतं."

मी वाकून पाहिलं. ओळीने बारीक खळगे, आणि मध्येच एक जागा कोरी. उंदीर म्हणे! सहावीत माझा पुढचा दात अर्धा तुटलेला होता.

जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर मी कडेला दात टेकवले आणि एक तार छेडली. तीच होती.

दुपारी तो गायक स्वतः आला. भला माणूस. "कुणाकडून घेतली हो?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"कॉलेजातला एक पोरगा आला होता. बहिणीच्या कानाचं ऑपरेशन करायचंय म्हणाला. मी घासाघीससुद्धा केली नाही." मग म्हणाला, "बरी झाली असेल का हो ती पोर?"

"झाली असेल," मी म्हटलं.

ऑपरेशन कसलं नि काय! त्याच महिन्यात दादाच्या बुडाखाली मोटरसायकल आली होती. मित्राची आहे, सांगायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी केलीस ती केलीस, वर माझ्याच कानांच्या नावाने?

पहिला नमुना तयार झाला. त्यावरचे दात मी कोरले, माझे मीच. रविवारपुरता घरी नेऊ का, विचारलं तर मुकादम म्हणाले, "ओरखडा पडला तर?"

"पडला तर तेवढंच काम वाचलं."

बाबा दादाकडेच राहतात. दार दादानेच उघडलं. हातातली गिटार पाहून हसला. "अरे वा! सापडला का चोर?"

"हो," मी म्हटलं, "सापडला."

त्याचं हसू तिथेच विरलं. मी आत जाऊन गिटार बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं कडेवरून फिरत गेली आणि त्या खळग्यांवर थांबली. "ही ती नाही," ते म्हणाले. "पण दात तुझेच."

मग मी सगळं सांगितलं. गायक, ऑपरेशन, मोटरसायकल. दादा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "इतकं जुनं काय उकरून काढतेस?"

"तुला नाही, बाबांना सांगतेय. बाबा, मी काही केलं नव्हतं!"

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"शेजारणीने त्याला मागच्या दाराने पेटी नेताना पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने मला सांगितलं."

"मग माझ्यावर का येऊ दिलंत?"

"तो तापट. बोललो असतो तर घर सोडून गेला असता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कुठे जाणार होतीस?"

दादावरचा राग बाजूलाच राहिला. तो चोर, चोरासारखा वागला. पण त्या नकलेला हसणाऱ्या पाहुण्यांत बाबाही बसलेले असायचे. सगळं माहीत असून!

बाबांनी तारा जुळवल्या. इतक्या वर्षांनी. मग पूर्वीसारखीच कड माझ्याकडे कलती केली. "ये," म्हणाले, "ऐक."

मी कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं. बाबांची बोटं तारांवर फिरत होती, ओठ हलत होते. मी दात आवळून समोर उभी राहिले.

"वाजवून झालं की द्या," मी म्हटलं. "उद्या कारखान्यात परत न्यायची आहे."