एक्क्याऐंशी मिलिमीटर

“खोटं,” मामाजी म्हणाले आणि पेपरातल्या आकड्यावर लाल पेनाने फुली मारली.

आमच्या घरी पेपर वाचत नाहीत, तपासतात. माझे सासरे खुशालराव, म्हणजे मामाजी, एकतीस वर्षं गावचे कोतवाल होते. पावसाळ्यात रोज सकाळी आठच्या ठोक्याला तलाठी ऑफिसच्या आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, किती मिलिमीटर झालं ते वाचायचं आणि पातूरला तहसीलीत कळवायचं, हे त्यांचं काम. पुढे गावात आपोआप पाऊस मोजणारं यंत्र आलं. जुनं मापक भंगारात निघालं, ते मामाजींनी मागून घरी आणलं आणि अंगणात मधोमध ओट्यावर ठेवलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण आठचा नेम आणि वही काही सुटली नाही. नितेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फोनवर हवामान दाखवलं की म्हणणार, “त्याले वरतून माहं अंगण दिसते का?” नवा वीजमीटर बसला तेव्हा घरातले सगळे दिवे बंद करून अर्धा तास त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. अशा माणसाच्या घरात सून म्हणून राहणं काय असतं, ते मला विचारा.

“पाह्य पौर्णिमा, आपल्या मंडळात बावन्न म्हणे. माह्या वहीत एक्क्याऐंशी हाये. यंत्र उभं केलं कडूनिंबाखाली. पानं पाऊस अडवतेत अन् हे छापून राहिले.”

पासष्टच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी असली की साहेब लोक पंचनाम्याला येतात. त्या रात्रीच्या पावसात नाल्याकाठचे मळे पार गेले होते. मळाशेजारी सहदेवभाऊंची मेथी वाहून गेली. आमचा झेंडू दसऱ्याला तोडायचा, तो कमरेपर्यंत पाण्यात सडत होता. बावन्नच्या आकड्यावर कोणी फिरकणार नव्हतं. मग काय, वर्षानुवर्षं मामाजींना शंकेखोर म्हणून हसणारे आठ-दहा जण आमच्या अंगणात आले. मामाजींची वही घेऊन तहसीलवर जायचं ठरलं.

मी आत चहा टाकत होते. एक्क्याऐंशी कुठून आले, हे फक्त मला माहीत होतं.

पावसाच्या आदल्या दुपारी मी गोधड्या धुतल्या होत्या. मधोमध दोरी बांधायची तर मापक आड येत होतं. ते उचललं आणि भिंतीशी, टिनाच्या छपराच्या कडेखाली ठेवलं. मामाजी अकोल्याला गेले होते, रात्री उशिरा आले. ते परत जागेवर ठेवायचं मी साफ विसरले. पहाटे उठून पाहते तर टिनावरचं पाणी त्यात ठिबकतंय. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी ते हळूच उचललं, थेंब न सांडता ओट्यावर ठेवलं आणि गपचूप चूल पेटवली. आठला मामाजींनी नळी डोळ्यांसमोर धरली आणि खुश होऊन म्हणाले, “असा पाऊस लई वर्षानं मोजला.”

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते अर्ज वाचून दाखवत होते. “सदर मापक मोकळ्या जागेत असून त्यास कोणीही हात लावलेला नाही.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बरोबर ना, पौर्णिमा?”

विचारायचं म्हणून विचारलं होतं. पेपरवर, फोनवर, मीटरवर शंका घेणाऱ्या त्या माणसाने माझ्यावर कधी घेतली नव्हती. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. झेंडूचा मळा माझ्या डोळ्यांसमोर होता. नाल्याकडची रोपं मी स्वतः लावली होती.

“मी हलवलं होतं, मामाजी,” मी म्हटलं. “रात्रभर टिनाखाली होतं.”

 सहदेवभाऊ म्हणाले, “वैनी, तुमी काई बोल्याच नाई, असं समजतो आमी. कोणाले मालूम पडते?”

“मले पडलं ना,” मामाजी म्हणाले.

“मंग आमी काय करावं? त्या यंत्राचं तरी कुठं खरं हाये?”

“नसंन. पण माहंबी नाई.”

त्यांनी वही मांडीवर घेतली, एक्क्याऐंशीवर आडवी रेघ ओढली आणि सरकारी रिवाजाप्रमाणे खोडलेल्या आकड्याशेजारी बारीक सही केली. सहा वर्षांच्या त्या वहीत तोवर एकही खाडाखोड नव्हती. लोकांना म्हणाले, “तिले बोलू नका. मोजायच्या आंधी जागा पाह्याले पायजे होती. चूक माही.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तहसीलवर मामाजी तरीही गेले, नवा अर्ज घेऊन. त्यात पावसाचा आकडा नव्हता, कडूनिंबापासून यंत्र किती फुटांवर आहे ते टेपने मोजून लिहिलं होतं. साहेबांनी ‘पाहू’ म्हणून अर्ज ठेवून घेतला. सहदेवभाऊ आठवडाभर आमच्या दारावरून मान खाली घालून गेले.

आकडा खोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी आठला मामाजींनी मला अंगणात हाक मारली. रात्री थोडा शिडकावा झाला होता. त्यांनी नळी माझ्यासमोर धरली.

“वाच.”

“चार.”

“नीट पाह्य.”

“चारच आहे, मामाजी.”

त्यांनी वहीत चार लिहिलं, सही केली आणि वही माझ्याकडे दिली. “तूबी कर. माह्या एकट्याच्या सहीवर आता मलेच भरोसा नाई.”

मी भिंतीला वही टेकवून नाव लिहिलं. मागे वळून पाहिलं तर मामाजी गुडघ्यांवर हात ठेवून ओट्याभोवतीच्या ओल्या मातीत वाकून पाहत होते, पावलं कोणाची आहेत ते.