पाना नको, हात पुरे

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिले असेल, आणि पाहिले तरी पाइपवरचा जाडसर सांधा समजून सोडून दिले असेल. मी पीव्हीसीचा युनियन आहे. दोन पाइप जोडायचे पण कायमचे चिकटवायचे नाहीत, अशा जागी मला बसवतात. माझी दोन तोंडे दोन पाइपांना चिकटलेली असतात. त्यांच्यामध्ये रबराची रिंग असते आणि वरून आट्यांचा एक मोठा नट त्यांना धरून ठेवतो. नट सोडला की पाइप सुटे, आवळला की पुन्हा एक. नऊ वर्षांत माझ्यातून एक थेंब गळलेला नाही. ही बढाई वाटली तर वाटू द्या.

कारखान्यातल्या साच्यात आम्ही डझनावारी जन्मतो, त्यात सांगण्यासारखे काही नाही. माझे आयुष्य सुरू झाले ते नाशिकला, गंगापूर रोडवरच्या शामसुंदररावांच्या घरी. सातपूरच्या एका कंपनीत तीस वर्षे मशिनींची देखभाल करून ते निवृत्त झाले आणि हौसेने त्यांनी चार फुटी मत्स्यटाकी घेतली. टाकीखालच्या कपाटात पाणी गाळायची छोटी टाकी आणि ते पाणी वर चढवणारा पंप. पंपाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा जुळा भाऊ, आणि आमच्या पलीकडे एकेक कॉक.

“अहो, एवढ्याशा पंपाला दोन-दोन युनियन कशाला?” त्यांच्या पत्नीने, सरोजिनीबाईंनी विचारले.

“पंप कधीतरी बिघडणारच. तेव्हा काय पाइप कापत बसायचं?”

त्यांनी पाइप चिकटवायचे सोल्युशन लावले, माझे तोंड पाइपवर दाबून धरले आणि तीसपर्यंत आकडे मोजले. तेवढ्यात सरोजिनीबाईंनी टेबलावरून माझा नट उचलला.

“ही बांगडी कुणाची राहिली?”

नट आधी पाइपवर ओवायचा असतो. तोंड चिकटल्यावर तो आत जात नाही. शामसुंदररावांनी चिकटलेले तोंड ओढून पाहिले, ते हलले नाही.

“तीस वर्षं ती कंपनी चालली तरी कशी, म्हणते मी,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

शेवटी मागून पाइप कापला, नट ओवला आणि कापलेली जागा कपलिंगने जोडली. ते कपलिंग अजून माझ्या मागे आहे.

पुढची वर्षे सुखाची होती. दर सहा महिन्यांनी शामसुंदरराव कॉक बंद करून मला उघडत. सरोजिनीबाई टॉर्च धरून शेजारी बसत. पंप धुवायचा, रिंग धुवायची, नट हाताने आवळायचा. चहा उकळेपर्यंत काम आटपे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते कपाट उघडून आधी मला दाखवत, मासे नंतर.

मग ते आजारी पडले. चौदा महिने मला कोणी उघडले नाही. माझ्यावर धूळ बसली, आट्यांवर पाण्यातल्या क्षाराची पांढरी खपली धरली. गेल्या महिन्यात ते गेले.

त्यांची मुलगी संपदा हैदराबादहून आली होती. आईला एकटीला टाकी झेपणार नाही, म्हणून ती एका शाळेला द्यायचे तिने ठरवले. टाकी न्यायला दोन दिवसांनी गाडी येणार होती. सरोजिनीबाई हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

त्या सकाळी पंप नुसता गुणगुणला, फिरला नाही. दुपारी टाकीतले सातही गोल्डफिश हवेसाठी पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. संपदाने दिंडोरीच्या दिनेश प्लंबरला बोलावले. त्याने मला हाताने फिरवून पाहिले, मग पाना लावला. मी करकरलो.

“हा युनियन गेला, ताई. जोर लावला तर फुटंल. पाइप कापावा लागंल.”

“पंप पुन्हा कधी सुरू होईल?”

“सोल्युशन सुकायला पाहिजे ना. उद्या दुपार धरा.”

“आणि मासे?”

दिनेशने टाकीकडे पाहिले. “लय अवघड आहे.”

मी गेलो नव्हतो. मला उघडायची सवय मोडली होती, एवढेच. पण माझ्या वतीने बोलणार कोण?

“थांबा, दिनेशभाऊ. करवत ठेवा खाली.” सरोजिनीबाई स्वयंपाकघरातून कोमट पाण्यात पिळलेले फडके घेऊन आल्या. “आधी दोन्ही कॉक बंद करा. संपदा, टॉर्च धर.”

त्या जमिनीवर बसल्या आणि फडके माझ्या नटाभोवती गुंडाळले.

“काकू, ही लोणच्याची बरणी नाय.”

“आट्यांना काय कळतंय, बरणी कुठली न पाइप कुठला.”

दोनदा त्यांचा हात घसरला. तिसऱ्यांदा खपली सुटली आणि मी फिरलो. मग माझा भाऊही सुटला. खाली ठेवलेल्या ताटलीत ओंजळभर पाणी सांडले आणि पंप बाहेर आला. त्याच्या पंख्यात वाटाण्याएवढी गोगलगाय अडकली होती.

त्यांनी पंप धुतला, रिंग बोटांनी चोळून तिच्या खाचेत बसवली. दिनेशने खिशातून गळती थांबवायची पांढरी टेप काढली.

“आट्यांवर मारू का?”

“नको. पाणी रिंग अडवते. टेप मारली की रिंग नीट दबत नाही, असं हे म्हणायचे.”

त्यांनी माझी दोन्ही तोंडे जुळवली. मग नट फिरवू लागल्या.

कॉक उघडले, पाणी वर चढले. मी बाहेरून कोरडाच राहिलो. अर्ध्या तासात एकेक मासा खाली उतरला.

“काकू, मला कामाला ठेवा,” दिनेश हत्यारे भरत म्हणाला.

तो गेल्यावर संपदा म्हणाली, “आई, परवा ती गाडी—”

“शाळेला फोन कर. मुलांना बघायला आणा म्हणावं. न्यायला येऊ नका.”

मित्रांनो, जे कधीतरी उघडावे लागणार आहे, ते जोडतानाच त्याची सोय करून ठेवा. आणि सोय केली म्हणून तिला विसरू नका. सहा महिन्यांतून एकदा मला उघडा. पाना नको, हात पुरे. आणि उघडताना घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा. त्याने नुसते पाहिले तरी चालेल.