पंखावरचं कुंकू

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा तुषारने केली. करू दे, घरात आता तोच मोठा पुरुष. शिलाई मशीनला टिळा, विळीला टिळा, करवतीला टिळा, त्याच्या नव्या स्कूटरला टिळा. मागच्या खोलीत माझ्या मृणालचं विमान वाळत ठेवलं होतं. त्याच्या पांढऱ्या ओल्या पंखावर या शहाण्याने स्वस्तिक काढलं. तेही पाण्यात कालवलेल्या कुंकवाने नाही, तेलातल्या. हा कामाला जातो त्या खडोलीच्या कारखान्यात मशीनला गंज धरू नये म्हणून कुंकू तेलात कालवतात, ती सवय साहेब घरी घेऊन आले.

खेळण्यातलं विमान असतं तर मी दोन शब्द सुनावून कणीक मळायला बसले असते. पण त्या विमानावर माझ्या मुलीचं मुंबईला जाणं टांगलेलं होतं.

आमचे हे सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. नोकरी लागली म्हणून डहाणूहून सिल्वासात आलो, तेव्हा दिवेलागणीनंतर इथे रस्त्यावर कुत्री आणि पोलीस सोडून कोणी नसायचं. करमत नाही म्हणून हे शिवणीचं लाकूड कोरून विमानं करायला लागले. अगदी खऱ्या विमानाच्या मापाने, फक्त लहान. मी फार बोलायचे त्यांना. घरात माणसांना झोपायला जागा नाही आणि हा माणूस विमानतळ काढतोय, म्हणायचे. मुलाने त्या कामाकडे ढुंकून पाहिलं नाही. मुलगी मात्र शेजारी बसून रंग ढवळायची. हे गेल्यावर ब्रश, पात्या, जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरवर चालणारी रंग फवारायची पिचकारी, सगळं तिने घेतलं. मला न विचारता घेतलं. मीही विचारलं नाही.

गिरगावात अनंतराव सबनीस म्हणून एक गृहस्थ आहेत. मुंबईत तेव्हा नव्या नव्या विमान कंपन्या निघत होत्या. तिकिटं विकणाऱ्या दुकानांच्या काचेत ठेवायला विमानं लागायची, ती यांच्या कारखान्यात बनायची. त्यांची भाची इथल्या सामरवरणीच्या शाळेत शिकवते. तिच्याकडे आले असता शाळेच्या प्रदर्शनात त्यांनी मृणालचं एक विमान पाहिलं आणि विचारत विचारत घरी आले. म्हणाले, "लाकूड कोणीही तासतो हो. रंगाचा हात मला सापडत नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो. एक विमान पहिल्यापासून शेवटपर्यंत तू एकटीने करून ठेव. पसंत पडलं तर कामावर घेतो." राहायला परळला माझी बहीण होतीच.

महिनाभर पोरगी राबली. लाकडाच्या रेषांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, पुन्हा भरली. मग अस्तराचा रंग, मग पांढरा ऑइल पेंट. नवमीला संध्याकाळी पांढऱ्याचा शेवटचा हात मारला. धूळ बसू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडलं, खिडकी लावली, दाराला कडी घातली आणि बाहेर येऊन बजावलं, "दोन दिवस आत कोणी जायचं नाही." तुषार तिथेच चहा पीत होता. त्याने मानही हलवली.

आणि दुसऱ्या दिवशी हे.

मी श्रीखंडाचा चक्का फेटत होते. मृणाल झेंडू आणायला बाजारात गेलेली. मागून रॉकेलचा वास आला. जाऊन बघते तर माझी सून रूपाली जमिनीवर बसून फडक्याने पंख पुसत होती. अख्खा पंख गुलाबी झालेला, वर फडक्याचे धागे रुतलेले.

"काय पुसतेस गं?"

"अहो आई, ह्यांनी सांगितलं. म्हणाले, मृणाल यायच्या आत रॉकेलने पुसून टाक."

"अगं पण काय?"

"स्वस्तिक," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तुषार पूजेचं ताट हातात घेऊन दारात उभा. चेहरा असा की जणू प्रसाद वाटायला आलाय. "देवाचंच लावलंय ना, आई. सगळ्या हत्यारांना लावलं, याला कसं सोडणार? बाबांची आठवण आहे."

"ओलं होतं ते."

"मला वाटलं वाळलं असेल."

"नाक कुठे गहाण ठेवलंस? खोलीत पाऊल टाकलं की रंगाच्या वासाने डोळ्यांत पाणी येतंय."

"आता झालं ते झालं. टेन्शन कशाला घेतेस?"

मृणाल आली. फुलांची पिशवी खाली ठेवली आणि बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

"वहिनी, फडकं ठेव खाली," एवढंच म्हणाली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. ओल्या रंगाला जितका हात लावू तितका तो बिघडतो. पूर्ण वाळू द्यायचा. मग घासायचा."

"रविवार तोंडावर आलाय आणि तू वाळू द्यायचं म्हणतेस?"

"वाळवायला ऊब हवी, आई. धूळ नको. उन्हात ठेवलं तर धूळ बसेल."

मी स्वयंपाकघरात गेले आणि माझं जाळीचं कपाट रिकामं केलं. दूध, दही, लोणच्याच्या बरण्या, सगळं खाली पाटावर. जाळीला ह्यांचं जुनं धोतर गुंडाळलं, आत मोठा बल्ब सोडला आणि म्हटलं, ठेव तुझं विमान. तुषार म्हणाला, "आई, मुंग्या लागतील ना सगळ्याला." म्हटलं, लागू देत, श्रीखंड तुझ्याच ताटात जाणार आहे.

मला वाट बघता येत नाही. राग आला की मी तिथल्या तिथे हिशेब पुरा करते, मग जेवते. इथे काही करताच येईना. येता-जाता धोतर बाजूला करून बघायचे, तो गुलाबी पंख दिसायचा आणि डोकं पुन्हा तापायचं. मृणाल म्हणायची, "आई, सारखं उघडू नकोस, ऊब जाते."

दोन दिवसांनी रूपाली भांडी घासता घासता थांबली. "आई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावणार. सांग."

तिने सांगितलं. कारखान्याचे मॅनेजर झुंबरराव देसले, त्यांचा भाचा लग्नाचा आहे. रविवारी संध्याकाळी ते मृणालला बघायला येणार. तुषारने परस्पर बोलावलंय. त्या लोकांना मुंबईत नोकरी करणारी मुलगी नको. तुषारने त्यांना शब्द दिलाय, मुलगी कुठे जाणार नाही, तुम्ही निश्चिंत या.

"आणि याला काय मिळणार?"

"सुपरवायझर करतो म्हणालेत."

उठून त्याची कॉलर धरावी असं वाटलं. पण माझा मुलगा मूर्ख आहे हे मला आधीपासून मान्य होतं. लबाड आहे हे मान्य करायला पुरावा हवा होता. मी बसून राहिले.

रंग वाळला. मृणालने आधी पंख साबणाने धुतला, तेलाचा अंश राहिला तर नवा रंग धरत नाही म्हणून. मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायला बसली. हलक्या हाताने, एकाच दिशेने. धागे गेले, रेघा गेल्या, फिकट गुलाबी झाक राहिली. तिच्यावर पांढरा फवारला. झकास दिसलं. मी देवाला साखर ठेवली.

सकाळी कपाट उघडलं तर पांढऱ्यातून गुलाबी वर आलेलं. स्वस्तिक नव्हे, नुसता डाग, मार बसलेल्या गालासारखा.

मृणाल पहिल्यांदाच हताश होऊन खाली बसली. "लाल रंग चढतो वर. पांढऱ्याचे कितीही हात मारले तरी चढणार. मधे चंदेरी द्यायला हवा, त्याच्यातून काही वर येत नाही. माझ्याकडचा संपलाय. आणि रंगवाला दुकान बंद करून गावी गेलाय." मग हळूच म्हणाली, "जाऊ दे आई. अनंतरावांना येऊ नका म्हणून कळवू."

"कळवशील तर तंगडं मोडीन," मी म्हटलं.

चंदेरी रंग घरात होता. तुषारने स्कूटरच्या रिंगांना लावायला आणलेला, डिकीत पडलेला. मी खुंटीवरची किल्ली घेतली आणि अंगणात गेले. निळी कोरी स्कूटर, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदही अजून काढला नव्हता. डिकी उघडायला वाकले आणि दसऱ्याचा टिळा दिसला. मागे, नंबरपाटीवर. तांदळाएवढा.

डबा काखेत धरून मी हाक मारली. "तुषार, बाहेर ये."

तो बनियनवर आला.

"हा टिळा इथे का रे लावलास?"

"कुठे?"

"पाटीवर. गाडीला तोंड पुढे असतं ना? मागे कोण लावतं?"

"अगं, तेलाचं कुंकू ते. रंगावर लावलं तर डाग..."

स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

"बोल की पुढे. डाग पडतो. वाळलेल्या रंगावर पडतो हे तुला माहीत, आणि ओल्यावर माहीत नव्हतं."

"आई, पूजा करताना माणूस एवढा विचार करतो का?"

"गाडीच्या वेळी केलास की. आणि तिकडे नुसतं बोट टेकलं असतंस तर मी गप्प बसले असते. पण तू स्वस्तिक काढलंस. पहिल्याच रेघेला बोटाखाली रंग सरकला असेल, दुधावरची साय सरकते तसा. तरी दुसरी ओढलीस. मग बाकीच्या. वर चार टिंबं दिलीस."

"मी तिच्या भल्यासाठीच बघतोय. मुंबईत कुठल्या तरी शेडमध्ये रंग हुंगत बसणार ती. बाबांनी आयुष्यभर विमानं केली, एकदा तरी बसले का विमानात?"

"नाही बसले. आणि दुसऱ्याच्या कामाला न विचारता हातही नाही लावला. दगड घातला असतास ना पंखावर, तरी मला इतका राग आला नसता. देवाला मधे घालून केलंस. बायकोला पुसायला बसवलंस, म्हणजे शिव्या तिला. आणि देसल्यांना काय सांगितलंस तेही मला कळलंय."

त्याने दारात येऊन उभ्या राहिलेल्या रूपालीकडे पाहिलं. "तिच्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "माझ्याकडे बघ."

त्याला नाही बघता आलं. मी त्याला म्हटलं, बस, कागद घे, तुझं स्वस्तिक तू घास. पण मृणाल आतून म्हणाली, "नको. दादाचा हात नको." तिच्या आवाजात चीड ऐकली तेव्हा माझ्या जिवाला गार वाटलं. शेवटी तो बादलीने पाणी आणून देत राहिला, दुसरं काही त्याला करू दिलं नाही.

चंदेरी दिला. वाळवला. मग पांढरा, पातळ हात, पुन्हा पातळ हात. मी कपाट उघडून बघितलं नाही. शनिवारी तिने कडेला चिकटपट्टी लावून निळा पट्टा फवारला. पट्टी ओढली तर एका जागी निळा आत शिरलेला. तो तिने पातीच्या टोकाने खरवडून काढला, पांढऱ्याला ओरखडा न पाडता. खिडक्यांची टिंबं काढताना घरात कोणाला खोकूही दिलं नाही.

रविवारी अनंतराव आले. चहा बाजूला ठेवून त्यांनी विमान दाराच्या उजेडात नेलं. तिरकं धरलं, अंगठा फिरवला.

"उजवा पंख जाड लागतोय. इथे रंग जास्त आहे."

"हो," मृणाल म्हणाली. "खाली चंदेरी आहे."

"का?"

तिने भावाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. "कुंकू लागलं होतं. ओल्या रंगाला. मग रॉकेलने पुसलं गेलं."

"कधी?"

"दसऱ्याला."

अनंतराव बराच वेळ पंख उजेडात हलवत राहिले. "हे विमान मी काचेत ठेवणार नाही. जाडी डोळ्याला दिसते." मला त्यांचाही राग आला. इतकं सगळं करून पोरीने काय ऐकायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "नवं सगळेच रंगवतात. माझ्याकडे बिघडलेली येतात, ती टाकून द्यावी लागतात. हे सुधारायला किती वेळ लागला, काय काय केलं, ते कामावर आल्यावर माझ्या माणसांना दाखव. बुधवारी ये."

ते गेले. मृणाल विमान मांडीवर घेऊन बसली होती. मी तुषारला म्हटलं, "शर्ट घाल. गलोंड्याला जा, देसल्यांच्या घरी. ते निघायच्या आत पोच. शब्द तू दिलास, परत तूच आण."

"आई, माझी नोकरी आहे तिथे."

"ते शब्द देताना आठवायचं."

"तू चल ना बरोबर. तू बोललीस तर ऐकतील."

"स्वस्तिक काढताना बोलावलं होतंस मला?"

मृणाल म्हणाली, "राहू दे आई, ते आले की मीच सांगते." तिला म्हटलं, तू तुझी बॅग भर.

तो शर्ट घालून अंगणात आला, स्कूटर काढली. मी देव्हाऱ्यातलं कुंकू वाटीत घेतलं, वर चमचाभर तेल सोडलं, बोटाने कालवलं. स्कूटरच्या तोंडावर, निळ्या कोऱ्या रंगाच्या मधोमध, सावकाश स्वस्तिक काढलं. चारही टिंबं दिली.

"हे काय, आई?"

"शुभ कामाला निघालास."

त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"पुसू नकोस," मी म्हटलं. "पसरेल. वाळू दे आधी. मग बहिणीला विचार कसं काढायचं ते. बुधवारच्या आत विचार मात्र."