व्हेनिससाठी जानेवारी

व्हेनिसच्या सहलीसाठी नीरजाने जानेवारी निवडला. त्या महिन्यात तिथे दाट धुके असते, हे तिला ठाऊक होते.

इंदिरानगरच्या घरी तिचा धाकटा भाऊ श्रीहर्ष वैतागला. "अक्का, जवळची बेटंसुद्धा दिसणार नाहीत. बोटीत बसून काय धुकं मोजायचं?"

"मोज की. शास्त्रज्ञ ना तू?"

बुरानो बेटावरची रंगीत घरे दाखवायला त्याने टॅबलेट तिच्यासमोर धरला.

"सुरेख," ती म्हणाली.

पडदा विझलेलाच होता.

दुसऱ्याच दिवशी श्रीहर्षने तिला डॉक्टरांकडे नेऊन तपासून घेतले. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांच्या नसा जवळजवळ संपवल्या होत्या. आपल्याला दिसत नाही हे कळले तर भाऊ सहलच रद्द करील, अशी तिला भीती होती. धुक्यात त्यालाही काही दिसले नसते, म्हणून तिने जानेवारी निवडला होता.